न दिसणारा विक्रेता



या व्यासपीठावरून आजवर संविधान, शेती, पाणी, संतवाङ्मय अशा विषयांवर व्याख्यानं झाली. त्या रांगेत माझा आजचा विषय जरा अवघडून उभा राहणार आहे. अनोळखी माणसाकडून इंटरनेटवर जुना सोफा, जुना मोबाइल, जुनी दुचाकी घेताना माणूस फसतो कसा आणि ते टाळायचं कसं, यावर मला बोलायचं आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी जन्मभर मुलांना गणित शिकवलं. माझाही विषय हिशेबाचाच आहे, एवढाच काय तो आधार. मी बँकेत नोकरी केली आणि शेवटची वर्षं तक्रारींच्या टेबलावर काढली. जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्या टेबलापलीकडे बसलेल्या लोकांनी मला शिकवलं.

जुनी वस्तू घेणं आपल्याकडे नवं नाही आणि कमीपणाचंही नाही. पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मुंबईत मटन स्ट्रीटवरचा चोर बाजार आहे. सांगोल्याचा, चाकणचा बैलबाजार तर पूर्णपणे जुन्या मालाचाच म्हणायचा. कारखान्यातून नवा बैल निघत नाही. त्या बाजारातलं गिऱ्हाईक बघा. आधी ते बैलाचा जबडा उघडून दात मोजतं: दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला. मग खूर बघतं, चालवून बघतं, अंगावर हात टाकून मारकुटा आहे का ते बघतं. दलाल उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवतो. पटलं की इसार, आणि मग पावती. फसवणूक तिथेही होतेच. शिंगं तासून आणि रंगवून वय लपवणारे व्यापारी सगळ्यांना माहीत असतात. पण बैल समोर उभा असतो, विकणारा समोर उभा असतो, आणि त्याला ओळखणारी दहा माणसं आसपास चहा पीत असतात.

१९७० साली जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटेखानी निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. मग घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयानं बघतो आणि भाव पाडून मागतो. त्या भावात चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे खराब गाड्यांचं प्रमाण वाढत जातं. काही नियतकालिकांनी हा निबंध साभार परत केला होता; २००१ साली याच विचारासाठी अॅकरलॉफ यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल मिळालं. पण त्यांच्या बाजारात गाडी तरी होती! आजच्या फसवणुकीत गाडीच नसते. फक्त फोटो असतो, आणि तोही दुसऱ्याच कुणाच्या तरी जाहिरातीतून उचललेला. माल खराब निघेल या भीतीनं आपण प्रश्न विचारतो: किती किलोमीटर चालली, बॅटरी कधी बदलली, कुठे घासली का. भामटा या सगळ्याची छान उत्तरं देतो. माल आहेच कशावरून, हे विचारायचं मात्र राहून जातं.

आता या धंद्यातला सगळ्यात यशस्वी प्रयोग सांगतो. जाहिरात असते अॅक्टिव्हाची किंवा बुलेटची. एकच मालक, कमी वापर, आणि किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून कमी. तुम्ही मेसेज टाकता. समोरचा लगेच व्हॉट्सअॅपवर या म्हणतो, म्हणजे जिथे जाहिरात पाहिली तिथे संभाषणाचा मागमूस राहत नाही. तो सांगतो की मी लष्करात आहे, किंवा विमानतळावर सीआयएसएफमध्ये आहे, आणि बदली झाली आहे. न मागता आधार कार्ड पाठवतो, कँटीनचं कार्ड पाठवतो, वर्दीतला फोटो पाठवतो. गाडी ‘आर्मी ट्रान्सपोर्ट’नं घरपोच येईल, पसंत पडली तर बाकीचे पैसे द्या, नाहीतर परत पाठवा. आत्ता फक्त गेट पासचे दोन-अडीच हजार भरायचे. भरलेत की थोड्या वेळात पावती येते, तिच्यावर शिक्का असतो, गाडी बांधल्याचा फोटो येतो. मग ट्रक ड्रायव्हर म्हणवणाऱ्याचा फोन येतो: ‘साहब, आपके शहर के बाहर खडा हूँ, जीएसटी का पेमेंट पेंडिंग दिखा रहा है, रिफंडेबल है.’ तुम्ही ते भरता. मग विमा. मग पेमेंट दोन मिनिटं उशिरा आलं म्हणून पुन्हा एकदा, आधीचं परत मिळेल.

मला सुरुवातीला नवल वाटायचं, शिकलेला माणूस चार-चार वेळा पैसे भरतोच कसा? लोकांचं ऐकता ऐकता ते कळलं. पहिली रक्कम लहान असते ती उगाच नाही. ती भरली की तुम्ही गाडी विकत घेत नसता, तुमचे गेलेले अडीच हजार परत मिळवत असता. प्रत्येक नवा हप्ता मागचा सोडवण्यासाठी भरला जातो. म्हणून ‘रिफंडेबल’ हा शब्द आला की तिथेच फोन ठेवावा. जुनी गाडी विकणारा कुठलाही खरा माणूस गिऱ्हाइकाकडून परत द्यायचे पैसे मागत नाही.

आणि सैनिकच का? साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पश्चिम महाराष्ट्रात असंख्य घरांत कुणी ना कुणी फौजेत आहे. वर्दीचा आपल्याला आदर आहे आणि तो असायला हवा. पण भामट्याच्या दृष्टीनं वर्दीचा उपयोग याहूनही नेमका आहे. गाडी इतकी स्वस्त का? बदली झाली. इतकी घाई का? बदली झाली. प्रत्यक्ष भेटता का येत नाही? ड्यूटी आहे. आम्हीच बघायला येऊ का? कॅन्टोन्मेंटमध्ये बाहेरच्यांना सोडत नाहीत. तुमच्या मनात येऊ शकणाऱ्या चारही शंका एकाच वर्दीत गप्प होतात. त्यानं पाठवलेलं ओळखपत्र पुष्कळदा खऱ्या जवानाचं असतं, आधीच्या कुठल्यातरी व्यवहारात त्याच्याकडून मिळवलेलं. म्हणजे फोटोतला माणूस खरा, फोनवरचा खोटा. तेव्हा एवढं लक्षात ठेवा, लष्कर कुणाही जवानाची खाजगी स्कूटर गिऱ्हाइकाच्या दारात पोचवत नाही. आणि हेही की तुमचं स्वतःचं आधार कार्ड ‘विश्वासासाठी’ त्याला पाठवू नका. पुढच्या गिऱ्हाइकाला ते दाखवलं जाईल.

घेणारा फसतो तसा विकणाराही फसतो, आणि ही बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीनं जुना सोफा विकायला काढला होता. गिऱ्हाइकानं आधी खात्यावर किरकोळ रक्कम पाठवून विश्वास बसवला, मग एक क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन केल्यावर पैसे येण्याऐवजी २० हजार गेले. चूक झाली, परत करतो, म्हणून दुसरा कोड आला, त्यात आणखी १४ हजार गेले. घरात इतकी सत्ता आणि इतकं शिक्षण असताना हे घडलं. त्यामुळे फसलेल्याला बावळट म्हणण्याची सवय आपण सोडायला हवी.

यूपीआय २०१६ साली आलं आणि भाजीवालीपासून सोनारापर्यंत सगळ्यांनी ते स्वीकारलं. त्याचा एक नियम लोकांना कुणी नीट समजावून सांगितला नाही, तो असा: पिन लागतो तो पैसे देताना. घेताना पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कुठलंही बटण दाबावं लागत नाही. पैसे आपोआप जमा होतात. पूर्वी भामटे ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ पाठवायचे, म्हणजे पैशांची मागणी, आणि ‘स्वीकारा’ दाबायला सांगायचे. एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळानं, म्हणजे एनपीसीआयनं, १ ऑक्टोबर २०२५पासून बंद केली. उशिरा का होईना, चांगलं केलं. क्यूआरचा दरवाजा मात्र उघडाच आहे. शिवाय खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल उचलून नेणारेही आहेत. गिऱ्हाइकाच्या फोनवर हिरवी खूण दिसली म्हणून टीव्ही त्याच्या गाडीत चढवू नका, आपल्या खात्यात रक्कम जमा झालेली स्वतः बघा.

हे फोन येतात कुठून? पोलिसांच्या तपासात वारंवार एक पट्टा येतो: हरियाणातला नूह, राजस्थानातला भरतपूर-डीग-अलवर आणि उत्तर प्रदेशातल्या मथुरेचा काही भाग, म्हणजे मेवात. मोबाइल येण्याच्या आधीही या भागात ‘टटलू’ नावाचा प्रकार चालायचा. पाया खणताना सोन्याची वीट सापडली, गुपचूप स्वस्तात देतो, असं सांगून ट्रकवाल्यांना, व्यापाऱ्यांना बोलावून घ्यायचं आणि पितळेची वीट गळ्यात मारायची. आताची बुलेट ही तीच पितळेची वीट. फरक एवढाच की तेव्हा निदान वीट तरी हातात पडायची. एप्रिल २०२३मध्ये हरियाणा पोलिसांनी सुमारे ५,००० कर्मचारी घेऊन नूहमधल्या १४ गावांवर एकाच वेळी छापे घातले होते. पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नीती आयोगानं २०१८ साली देशातल्या मागास जिल्ह्यांची क्रमवारी लावली, तेव्हा हा जिल्हा सगळ्यात खाली होता. पाणी नाही, शाळा नाहीत, नोकऱ्या नाहीत, पण स्मार्टफोन मात्र पोचला. त्या भागातले बहुसंख्य लोक शेती करतात, ट्रक चालवतात आणि फसवणूक करणाऱ्या पोरांमुळे बदनाम होतात. मेवातचं नाव ऐकून सगळ्या प्रदेशाला चोर ठरवणं सोपं आहे, आणि ते चुकीचंही आहे. शिवाय हा धंदा आता एका जिल्ह्याचा राहिलेला नाही. पैसे ज्या खात्यांवर जातात ती थोड्याशा भाड्यापायी दिलेली खाती आपल्या गावातल्या बेरोजगार मुलांचीही असू शकतात.

आता बँकेच्या टेबलावरची गोष्ट. फसलेला माणूस येतो, त्याची समजूत असते की बँक पैसे परत देईल. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं: कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ते खरं आहे, पण ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पिन तुम्ही टाकला, रक्कम तुम्ही भरली. यंत्राच्या नोंदीत तो शंभर टक्के अधिकृत व्यवहार असतो. समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला बघत हे वाक्य उच्चारणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात नावडता भाग होता. म्हणूनच पैसे गेल्यानंतरच्या उपायांपेक्षा आधीच्या सावधगिरीवर मी इतका वेळ घालवतो आहे.

तरी पैसे गेलेच तर एक मार्ग आहे आणि तो घड्याळावर चालतो. २०२१ साली १५५२६० या क्रमांकानं सुरू झालेली मदतवाहिनी आता १९३० आहे. तिथे फोन केला की तुमची बँक, ज्या खात्यावर पैसे गेले ती बँक आणि पोलीस एकाच यंत्रणेत जोडले जातात, आणि पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत मध्येच कुठेतरी गोठवता येतात. रक्कम चार-पाच खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर पडायला फार वेळ लागत नाही. तेव्हा आधी बायकोला सांगू की भावाला, उद्या सकाळी बँकेत जाऊ, हा विचार महागात पडतो. फोन करताना यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा.

माल खरा असला म्हणून निर्धास्त व्हावं असंही नाही. मोबाइलचंच घ्या. आपला माल विक्री कायदा १९३०चा आहे आणि त्याचं तत्त्व साधं आहे: जो स्वतः मालक नाही त्याच्याकडून घेणाराही मालक होत नाही. थोडे अपवाद आहेत, चोरीचा माल त्यात बसत नाही. चोरलेला फोन तुम्ही पूर्ण पैसे मोजून घेतलात तरी पोलीस तो मूळ मालकाला देतील. माल चोरीचा आहे असं मानायला कारण असूनही तो घेतला असं ठरलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली तुम्हीच आरोपी. त्यामुळे फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक बघा, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. मग केवायएम, थोडी जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ला पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर कळतं. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरही हीच सोय आहे. आयफोन असेल तर विकणाऱ्याला तुमच्यासमोर स्वतःच्या खात्यातून बाहेर पडायला लावा. तो ‘घरी जाऊन करतो’ म्हणाला, तर तुम्हीही पैसे घरी जाऊन देतो म्हणा.

दुचाकी-मोटारीचं प्रकरण जास्त कागदांचं आहे. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या चेसिस नंबरशी हातानं पुसून, वाचून ताडून पाहावा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नंबर टाकून एम-परिवहनवर विमा आणि पासिंगची मुदत दिसते, ई-चलनंही ऑनलाइन बघता येतात. एजंट ज्याला टीटी फॉर्म म्हणतात ते २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सही करून कपाटात ठेवण्यासाठी नसतात. इथे मी विकणाऱ्यांना बजावतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. नाव बदललं नाही आणि नव्या मालकानं अपघात केला, तर भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकावर येते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं हे नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं. गाडी विकून पैसे खर्चून झाल्यावर नोटीस आलेले लोक मी पाहिले आहेत.

आता ज्यांच्या दुकानात हे सगळं घडतं त्यांच्याविषयी. १९९५ साली पिअर ओमिड्यार या तरुणानं पुढे ईबे झालेली लिलावाची जागा सुरू केली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती त्याचा मोडका लेझर पॉइंटर, १४ डॉलर ८३ सेंटला. मोडका आहे हे कळलंय ना, असं त्यानं घेणाऱ्याला विचारून घेतलं म्हणतात. तेव्हापासून या धंद्याला एक गोष्ट माहीत आहे: अनोळखी माणसांमध्ये व्यवहार घडवायचा तर पैसे मधल्या कुणीतरी धरून ठेवावे लागतात. ईबेच्या भारतीय संकेतस्थळावर ‘पैसापे’ नावाची अशी सोय होती. वस्तू पोचेपर्यंत रक्कम त्यांच्याकडे राहायची. ते संकेतस्थळ २०१८ साली बंद झालं. जपानमध्ये मर्कारी ही कंपनी २०१३पासून जुन्या वस्तूंचा बाजार चालवते, तिथेही घेणाऱ्यानं वस्तू मिळाल्याचं कळवेपर्यंत विकणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. चीनमधलं अलीपे मुळात याच कामासाठी जन्माला आलं. आपल्याकडे खाजगी माणसांच्या जुन्या वस्तूंच्या जाहिराती छापणाऱ्या मोठ्या कंपन्या मात्र फोन नंबर जुळवून देतात आणि बाजूला होतात. जाहिरात ठळक दाखवायचे पैसे घेतात, व्यवहाराची जबाबदारी घेत नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ त्यांना मध्यस्थ म्हणून संरक्षण देतं. २०२०चे ई-कॉमर्सचे नियमही कामाला येत नाहीत, कारण धंदा म्हणून नव्हे तर घरातली वस्तू विकणाऱ्या माणसाला ते लागूच नाहीत. भामटा नेमकं याच पोकळीत उभा असतो, घरातली वस्तू विकणारा साधा माणूस म्हणून. बैलबाजारातल्या दलालाला आपण नावं ठेवतो. पण उद्या बैल आजारी निघाला तर त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. मला विचाराल तर ज्या कंपनीला जाहिरातीचे पैसे घेता येतात, तिला व्यवहाराचे पैसेही धरून ठेवता आले पाहिजेत, आणि ती तयार नसेल तर तसा नियम व्हायला हवा.

तो होईपर्यंत आपलं काम आपण करू. वस्तू आपल्याच शहरातल्या माणसाकडून घ्यावी. दिवसाउजेडी, बरोबर कुणाला तरी घेऊन, गर्दीच्या जागी किंवा पोलीस चौकीसमोर भेटावं. अमेरिकेत बऱ्याच पोलीस ठाण्यांनी अशा देवघेवीसाठी आवारात जागा आखून दिली आहे. आपल्या ठाण्यांनी एक बाकडं दिलं तरी पुरे. वस्तू चालवून, लावून, उघडून बघावी आणि मगच पैसे द्यावेत, एक रुपयाही आधी नाही, टोकन म्हणून नाही, गाडीभाडं म्हणून नाही. समोरचा म्हणाला की दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, तर त्याला देऊन टाक म्हणावं. विकणाऱ्याच्या हाती खरंच वस्तू आहे का हे बघायचं असेल तर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी वस्तूवर ठेवून फोटो मागावा. उचललेल्या फोटोवर धंदा करणारा बहुधा इथेच गळतो. मात्र फोटो आला म्हणूनही आगाऊ पैसे द्यायचे नाहीत.

१९७०च्या दशकात बिंदुमाधव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात ग्राहक पंचायत उभी केली. शेजारच्या काही घरांनी एकत्र येऊन महिन्याचं सामान घ्यायचं, एवढ्या साध्या कल्पनेवर मुंबईत तिचं मोठं काम उभं राहिलं. एकट्या ग्राहकाला बाजार सहज गंडवतो, हे त्यांना कळलं होतं. जुन्या वस्तूंसाठी आपल्या सोसायटीत, वाडीत, गावात असा एक गट करायला काय हरकत आहे? विकणारा चौथ्या मजल्यावर राहत असेल तर तो वर्दीचा फोटो पाठवत नाही.

एक विनंती करून थांबतो. घरात कुणी असं फसलं तर ‘तुला कळलं कसं नाही’ हा प्रश्न निदान तासभर बाजूला ठेवा. त्या प्रश्नाच्या भीतीनं माणसं गप्प बसतात, आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. त्या तासात १९३०ला फोन करा, रक्कम पाचशे रुपये असली तरी करा. हा क्रमांक सभागृहातून बाहेर पडण्याआधी आपल्या फोनमध्ये घाला, आणि घरी गेल्यावर आईवडिलांच्या फोनमध्येही.